सातवी आज्ञा आणि फुकटचा सिनेमा

दृढीकरण संस्काराच्या पूर्वतयारीचा वर्ग होता. सातवी आज्ञा शिकवण्याचे काम त्या रविवारी आमच्याकडे आले होते. (आमच्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या क्रमात ती आठवी, आज्ञा तीच.) पाकीटमार, वजनात मारणारा दुकानदार, मजुरी अडकवून ठेवणारा मुकादम अशी ठरावीक उदाहरणे देऊन झाली, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, पप्पांनी टेलिग्रामवरून नवा पिक्चर घेतला आणि आम्ही सगळ्यांनी बसून बघितला, तर पाप कुणाचं? पप्पांचं, की सगळ्यांचं?" वर्ग खळखळून हसला. आम्हीही हसलो, घड्याळाकडे पाहिले आणि हा प्रश्न पुढच्या रविवारी घेऊ असे सांगून टाकले. पुढच्या रविवारी आम्ही पुढची आज्ञा घेतली, म्हणजे खोटे न बोलण्याची.

आम्ही प्रश्न टाळला तो उत्तर ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात एका उपवासकाळात मेल गिब्सन यांचा 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' हा २००४ सालचा चित्रपट दाखवला गेला होता. सीडी पदपथावरून आणलेली होती. कुठल्या तरी दूरदेशीच्या चित्रगृहात कुणी खुर्चीत बसून कॅमेऱ्याने ती नक्कल घेतली होती, कारण मध्येच पडद्यासमोरून एका माणसाचे डोके सरकत गेले आणि प्रभूला खांबाला बांधून फटके मारले जात असताना तिथल्या प्रेक्षकांपैकी कुणीतरी खोकला. आमच्या आयाबहिणी पदराने डोळे पुसत होत्या. चित्रपट संपल्यावर सर्वांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, सीडी आणणाऱ्या तरुणाचे कौतुक झाले आणि सीडी कपाटात गेली. त्या संध्याकाळी सातव्या आज्ञेची आठवण कुणालाही झाली नाही. खुर्च्या मांडणाऱ्यांत आम्हीही होतो.

तेव्हा हा लेख त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि तो आम्ही कुणा परक्या चोरावर लिहीत नसून आपल्याच घरांवर लिहीत आहोत. शेजाऱ्याच्या झाडाचा पेरूही विचारल्यावाचून न तोडणारी, मिस्सेच्या दानपेटीत न चुकता नोट टाकणारी, सचोटीसाठी पेठेत नाव असलेली ही घरे आहेत. रात्री जेवणे उरकली की त्याच घरांत मोबाइल दूरदर्शन संचाला जोडला जातो आणि शुक्रवारी प्रदर्शित झालेला चित्रपट शनिवारी फुकटात पाहिला जातो.

यावर पहिला युक्तिवाद ठरलेला असतो. सायकल चोरली तर मालकाची सायकल जाते. चित्रपटाची नक्कल घेतली तर मालकाचा चित्रपट मालकाकडेच राहतो, मग चोरी कसली? हा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण त्यात तथ्य आहे. नक्कल ही सायकलीच्या चोरीसारखी नाही. ती दुसऱ्या एका पापासारखी आहे, आणि पवित्र शास्त्र त्या पापाबद्दल अधिक कठोरपणे बोलते. न्हाव्याकडून दाढी करवून घेऊन पैसे न देता उठणारा माणूस न्हाव्याची कोणती वस्तू नेतो? वस्तरा जागेवर असतो, आरसा जागेवर असतो. गेलेली असते ती मजुरी. शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत आक्रोश करते, असे संत याकोबाच्या पत्रात सांगितले आहे. आपले पाप त्या जातीचे आहे, म्हणूनच त्याला चोरी म्हणताना जीभ अडखळते आणि मन मोकळे सुटते.

'पायरसी' या शब्दानेही आपली सोय केली आहे. मराठीत त्याला चाचेगिरी म्हणतात, आणि चाच्यांबद्दल आपल्याला थोडे कौतुकच असते. कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचे म्हणत आणि आपण सरखेल म्हणतो. तेव्हा बड्यांनी ज्याला चाचा ठरवले तो आपला वीर असणार, असा एक संस्कार मनात कुठेतरी आहे. पण कान्होजींच्या आरमारासमोर ईस्ट इंडिया कंपनीची तोफांनी सजलेली जहाजे होती. टेलिग्रामच्या गटासमोर कोण उभे असते?

इथे दुसरा युक्तिवाद पुढे येतो. समोर कोट्यधीश निर्माता असतो, त्याला काय कमी? काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण ज्या माणसापासून आपल्या देशातील चित्रपटाची कथा सुरू होते त्याच्याकडे पाहावे. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत तंबूतल्या चित्रगृहात ख्रिस्तचरित्रावरचा एक मूकपट पाहिला आणि तो पाहताना आपल्या देवादिकांचे चित्रपट काढण्याचे त्यांच्या मनाने घेतले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. (आपल्या लोकांनी ती जितक्या अभिमानाने सांगायला हवी तितकी सांगितलेली नाही.) भांडवल कुठून आले? विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्या माउलीने फिल्मला भोके पाडण्यापासून सगळ्या चमूचा स्वयंपाक रांधण्यापर्यंतची कामे केली, तेव्हा १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. मराठीत आजही घर वा शेत गहाण टाकून चित्रपट काढणारे निघतात. २००४ साली 'श्वास' ऑस्करच्या स्पर्धेला पाठवायचा ठरला तेव्हा पैसा उभा करण्यासाठी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनीसुद्धा वर्गणी जमवली होती. मुलांना कळले होते की हा आपला चित्रपट आहे आणि त्याला पैसे लागतात. ती मुले आता मिळवती झाली आहेत. त्यांच्या मोबाइलमध्ये काय आहे ते त्यांनी स्वतःच पाहावे.

'सैराट'चे उदाहरण देऊन आम्हाला गप्प करण्यात येते. २०१६ च्या एप्रिलअखेर तो प्रदर्शित झाला, त्याच्या चोरट्या प्रती हातोहात फिरल्या आणि तरीही त्याने मराठीत पूर्वी कुणी ऐकले नव्हते इतके पैसे मिळवले. मग नुकसान कुठे झाले? पण पुरात वड टिकला म्हणून रोपे टिकतात असे होत नाही. ज्या चित्रपटाला पुण्यात दुपारचा एकच खेळ मिळतो आणि दुसऱ्या शुक्रवारी तोही काढून घेतला जातो, त्याच्या पहिल्या आठवड्यात शंभर कुटुंबांनी घरी बसून नक्कल पाहिली तर त्या चित्रपटाचे काय झाले हे विचारायला निर्माताच उरत नाही.

हेही मान्य केले पाहिजे की प्रकाशयोजनेच्या कामगाराला वा स्पॉटबॉयला त्याचा रोज चित्रीकरणाच्या वेळीच मिळालेला असतो. आपण नक्कल पाहिली म्हणून तो कुणी परत मागत नाही. त्याचे नुकसान पुढच्या चित्रपटात होते, जो निघतच नाही. मात्र गीतकार, संगीतकार आणि पटकथाकार यांचे नुकसान थेट होते. चित्रपट चित्रगृहाबाहेर अन्य मार्गांनी दाखवला जातो तेव्हा त्या उत्पन्नातला त्यांचा मानधनाचा वाटा निर्मात्यालाही लिहून घेता येऊ नये, अशी तरतूद २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झाली. कित्येक वर्षे भांडून मिळवलेला हा हक्क नेमका घरच्या पडद्यावरच्या उत्पन्नाचा आहे, आणि आपण फुकट पाहतो तेही घरच्या पडद्यावरच. कवी उपाशी मरतात म्हणून हळहळणारे आपण, त्या कवीचा हिस्सा कुठून येतो ते कधी पाहत नाही.

धंद्याची बाजू मांडणारेही अतिशयोक्ती करतात, तेही सांगून टाकू. २०२३ साली भारतात पायरसीची उलाढाल २२,४०० कोटी रुपयांची होती असा अंदाज इंटरनेट व्यवसायाच्या संघटनेने आणि एका लेखापरीक्षण संस्थेने मिळून २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. पण फुकट पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी पैसे देऊन पाहिले असते? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ज्या खेड्यांतून आमच्यापैकी अनेकांचे वाडवडील पुण्यात आले, त्या खेड्यांच्या आसपास चित्रगृह उरलेले नाही. शहरात पाच माणसांच्या कुटुंबाने मल्टिप्लेक्समध्ये जायचे म्हटले तर तिकिटे आणि मध्यंतरातली लाही मिळून आठवड्याचा बाजार होतो. हे दुःख खरे आहे. परंतु कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ गरजेपोटी घेतलेल्याला चोरी म्हणत नाही तेव्हा अन्न, वस्त्र, निवारा यांची निकडीची गरज त्याला अभिप्रेत आहे. नीतिसूत्रांतही भुकेपोटी चोरणाऱ्याकडे लोक तिरस्काराने पाहत नाहीत असे म्हटले आहे, आणि लगेच त्यालासुद्धा भरपाई चुकत नाही असे सांगितले आहे. नवा चित्रपट पहिल्याच आठवड्यात पाहणे ही भूक नव्हे. चार महिने थांबले तर तो बहुधा रीतसर, कमी पैशांत घरी येतो. ज्यांना निकड नाही त्यांनी निकडीची सवलत मागू नये. आमच्या पाहण्यात तरी फुकटातला सिनेमा सर्वांत जास्त पाहणारे घर गरिबाचे नसून महागडा पडदा भिंतीवर लावलेले घर आहे.

एक आक्षेप मात्र आम्हाला मनापासून विचारात पाडतो, कारण तो आपल्या साहित्याच्या मुळाशी जातो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. त्या छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. मग ते आपल्यापर्यंत आले कसे? हातांनी नक्कल करणाऱ्या भाविकांमुळे. अशा हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ साली मंगळूरला जे. एल. सलढाणा यांची आवृत्ती निघू शकली. आपला आद्य ग्रंथ नकलाकारांनी जगवला असताना आपण नक्कल करणाऱ्याला पापी कोणत्या तोंडाने म्हणावे? चित्रपटांचेही तसेच आहे. मूकपटांच्या काळातले बहुतेक सारे नष्ट झाले. 'राजा हरिश्चंद्र'चादेखील काही भागच उरला, आणि जे वाचले त्यात पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा व पी. के. नायर यांच्या हट्टाचा वाटा फार मोठा आहे.

उत्तर असे की नक्कल हे पाप नाहीच. मजुरी बुडवणे हे पाप आहे. ख्रिस्तपुराणाच्या ओव्या रात्र रात्र जागून उतरवणाऱ्या माणसाने स्टीफन्स यांचा घास काढून घेतला नव्हता, उलट स्वतःची मेहनत घातली होती. कायद्यानेही मालकीला मर्यादा घातली आहे. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. प्रभात कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' कुणीही कितीही वेळा पाहावा, दाखवावा, मुलांना द्यावा. जो चित्रपट कुठेच विकत वा भाड्याने मिळत नाही, ज्याचा मालक सापडत नाही, त्याची नक्कल जपून ठेवणाऱ्याला आम्ही तरी दोष देणार नाही. पण कालच्या शुक्रवारचा चित्रपट उतरवून घेणाऱ्याने ख्रिस्तपुराणाच्या लेखनिकांचे नाव घेऊ नये.

आता शिक्षेकडे वळू, कारण इथे आमचे सरकारशीही भांडण आहे.

२०१६ साली 'ढिशूम' या चित्रपटाच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रकरण आले. अडवलेल्या संकेतस्थळांवर त्या सुमारास अशी सूचना झळकत असे की नुसते पाहिले तरी तीन वर्षांची कैद होईल. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केले की गुन्हा पाहण्यात नाही. परवानगीवाचून वाटप, जाहीर प्रदर्शन, विक्री वा भाड्याने देणे यांत तो आहे. ती सूचना बदलावी लागली. आपल्या अनेक घरांत त्या दिवशी सुटकेचा निःश्वास पडला असेल. पण न्यायालयाने एवढेच सांगितले की यासाठी तुरुंग नाही. कबुलीच्या खुर्चीतला प्रश्न न्यायालयाला विचारलेलाच नव्हता. शिवाय जाहीर प्रदर्शन हा शब्द वाचून आम्हाला आमचे सभागृह आणि त्या मांडलेल्या खुर्च्या आठवल्या. घरात बसून पाहणारा बाप त्या कायद्यातून सुटतो, धर्मग्रामाचे सभागृह सुटत नाही.

नक्कल करणाऱ्याला आणि वाटणाऱ्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमाखाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. नफ्यासाठी केले नसेल तर कारणे नोंदवून न्यायाधीशाला शिक्षा कमी करता येते. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले. त्यावर २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रगृहात बसून चोरून चित्रीकरण करणाऱ्याला किमान तीन महिने व कमाल तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड, जो चित्रपटाच्या एकूण निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. चोरीवर जगणाऱ्या टोळीसाठी हे ठीकच आहे. पण मित्रांना दाखवायला मोबाइलवर चित्रपट उतरवून घेणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या बापाने तीन लाख आणायचे कुठून? आणि चित्रगृहातला मोबाइल हे तर गळतीचे एकच भोक आहे. त्याच २०१६ साली 'उडता पंजाब'ची प्रत प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी बाहेर फुटली, तेव्हा तिच्यावर सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती. ती प्रत प्रेक्षकाच्या खिशात कधीच नव्हती.

सर्वांत वाईट गोष्ट आपल्या महाराष्ट्राची आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले व अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना आवर घालण्यासाठी १९८१ साली एक कायदा झाला. वर्तमानपत्रांत त्याला एमपीडीए म्हणतात. २००९ साली त्या यादीत व्हिडिओ पायरेट्स घालण्यात आले. तमिळनाडूने हे २००४ मध्येच केले होते. या कायद्याचा अर्थ काय? खटला न चालवता, गुन्हा शाबीत न करता, माणसाला एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. फादर स्टॅन स्वामी यांच्यावर आरोप झाले, पण खटला उभा राहण्याआधीच २०२१ साली ते कोठडीतले आजारी म्हणून इस्पितळात वारले. ते ज्या समाजाचे होते त्याला, म्हणजे आपल्याला, खटल्यावाचूनच्या कैदेविषयी अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी. (त्यांचा कायदा वेगळा होता, आरोपही वेगळे, कैदेच्या दाराआड सरणारे दिवस मात्र सारखेच असतात.) चित्रपटाच्या धंद्याचे नुकसान भरून काढण्यासाठी माणसाचे स्वातंत्र्य खटल्याविना काढून घेणे हा न्याय नव्हे, आणि पायरसी पाप आहे असे मानणाऱ्यांनीच हे सर्वांत मोठ्याने म्हटले पाहिजे. आपण रात्री फुकटात पाहायचे, आणि सकाळी पदपथावरच्या विक्रेत्याला वा गट चालवणाऱ्या पोराला पोलिसांनी उचलल्याची बातमी वाचून बरे झाले म्हणायचे, हे तर दोन पापे एका घासात गिळण्यासारखे आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात चोराला तुरुंग नाही. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात मेंढराबद्दल चार मेंढरे, बैलाबद्दल पाच बैल, चोरलेले जनावर जिवंत सापडले तर दुप्पट, असा हिशेब दिला आहे. ज्याचे गेले त्याच्या दारात ते परत आले पाहिजे, ही त्यातली दृष्टी. आपल्याकडचा दंड सामान्यतः सरकारी तिजोरीत जातो आणि गीतकार होता तिथेच राहतो. जक्कयाला प्रभूने तुरुंगात धाडले नाही. त्याच्या घरी जेवायला गेला, आणि जेवताना जक्कय चौपटीची भाषा बोलू लागला. धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१२ व्या परिच्छेदात जक्कयाचीच आठवण देऊन भरपाईचे कर्तव्य सांगितले आहे. पापनिवेदनाने क्षमा मिळते. हिशेब त्यानंतरही चुकता करायचा असतो.

भरपाई कशी करायची, असे विचारणारे खरोखरच विचारत असतील तर मार्ग अवघड नाही. कुटुंबाने एका संध्याकाळी बसून वर्षभरात फुकट पाहिलेल्या चित्रपटांची नावे आठवावीत. जे रीतसर उपलब्ध आहेत ते भाड्याने घ्यावेत, पुन्हा पाहावेत किंवा न पाहावेत. जे नाहीत त्यांच्या बदल्यात पुढच्या मराठी चित्रपटाची तिकिटे पहिल्या आठवड्यात काढावीत, कारण दुसऱ्या आठवड्यात तो बहुधा नसतो. बापाने हे मुलांदेखत करावे. ज्याने मुलांदेखत घेतले त्याने मुलांच्या पाठीमागे परत करण्यात अर्थ नाही.

(या त्रैमासिकाच्या अंकाची पीडीएफ निघते आणि अंक टपालात असतानाच ती व्हॉट्सअॅपवर वर्गणी न भरलेल्या घरांत पोचलेली असते, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या वाचकांनीही हा लेख वाचला असेल तर आनंदच आहे. वर्गणीचा पत्ता अंकात दिलेला असतो.)

प्रश्न विचारणारा तो मुलगा आता महाविद्यालयात जातो आणि रविवारी आठच्या मिस्सेला मागे उभा असतो. त्याला एवढे सांगायचे राहिले होते की पप्पांचे अधिक, कारण त्यांना कळत होते. आईचे त्याहून थोडे कमी. तुझे त्या वयात फारसे नाही, आज आहे. वर्ग घेणाऱ्याचे किती, ते आम्ही दुसरीकडे सांगितले आहे. सभागृहाच्या कपाटातली ती सीडी आम्ही परवा काढली. तिच्यावर कुणीतरी निळ्या शाईने 'उपवासकाळ' असे लिहून ठेवले आहे. जाहीर प्रदर्शनाचा परवाना कुणाकडे मागायचा आणि त्याला किती पैसे पडतात याची चौकशी करण्याचे काम धर्मग्रामाच्या बैठकीत आम्ही अंगावर घेतले आहे. बैठकीत एक जण म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला?" खर्चाचा आकडा राखेच्या बुधवारच्या आत द्यायचा आहे.